वाचकांचे प्रश्न : माशांच्या टाकीवरचे घरगुती झाकण आणि त्यातले दिवे

माशांच्या टाकीवर घरच्या घरी झाकण, म्हणजे बाजारात ज्याला हूड म्हणतात ते, कसे करावे आणि त्यात दिवे कसे बसवावेत, याविषयी या खेपेस आलेली पत्रे बहुतेक सगळी किनाऱ्यालगतच्या गावांतली आहेत. त्यामुळे उत्तरे देतानाही खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवले आहेत. घाटावर वर्षानुवर्षे टिकणारी रचना कोकणात दोन पावसाळ्यांत हात टेकते, आणि त्याचे कारण सुताराच्या कसबात नसून हवेत असते.

प्रश्न : आमच्या कौलारू घरात ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे. वर झाकण नसल्याने कौलांतून पडणारा केर थेट पाण्यात जातो. घरी प्लायचे तुकडे शिल्लक आहेत आणि गणपतीच्या आराशीसाठी आणलेल्या रंगीत एलईडी पट्ट्याही पडून आहेत. दोन्ही वापरून सुताराच्या मदतीने झाकण करावे असे मनात आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, मालवण)

प्लायचा तुकडा आधी उलटून त्यावरचा शिक्का पाहावा. ‘आयएस ७१०’ असे छापलेले असेल तर तो मरीन प्लाय आहे आणि तो निर्धास्तपणे वापरावा. ‘आयएस ३०३’ असेल तर त्यात ‘बीडब्ल्यूआर’ (उकळत्या पाण्यातही टिकाव धरणारा) आणि ‘एमआर’ (दमटपणा सोसणारा) असे दोन प्रकार येतात. पहिल्यावर निभावता येते, दुसरा मात्र खोलीतल्या साध्या दमटपणापुरताच असतो, रात्रंदिवस खालून वाफ लागणाऱ्या जागेसाठी नव्हे. शिक्काच नसेल तर तो प्लाय कपाटाच्या पाठीला लावावा, टाकीवर नको. मी पहिले झाकण अशाच शिल्लक प्लायचे केले होते. जून संपता संपता त्याच्या पुढच्या कडेचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले आणि आतल्या बाजूला धरलेल्या काळपट बुरशीचे कण पाण्यावर तरंगू लागले. रंगाचे दोन हात दिलेले होते, पण रंग होता पृष्ठभागावर आणि पाणी शिरले ते कापलेल्या कडेतून. प्लाय पाणी पितो तो कडेने, हे तेव्हा कळले. म्हणून तुकडे कापून झाल्यावर, जोडण्यापूर्वीच, प्रत्येक कड आणि स्क्रूसाठी पाडलेले प्रत्येक भोक इपॉक्सी रेझिनने भरून घ्यावे आणि मगच जोडकामाला हात घालावा.

प्लाय योग्य नसल्यास १२ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी फोम बोर्ड घ्यावा, असे मी सुचवीन. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि साध्या करवतीने कापता येतो. त्यात दोन उणिवा आहेत. कडेत घातलेला स्क्रू त्यात घट्ट धरून राहत नाही, आणि ३ फुटांची मोकळी फळी उन्हाळ्यात मधोमध खाली झुकते. पहिलीवर उपाय म्हणून कोपऱ्यांत आतून बोर्डाचेच चौकोनी ठोकळे चिकटवून स्क्रू त्यांच्यात घ्यावेत, आणि दुसरीवर उपाय म्हणून वरच्या फळीखाली अ‍ॅल्युमिनियमचा अँगल लांबीभर लावावा.

सुतारकामाकडे वळण्यापूर्वी मात्र एक गोष्ट ठरवून टाकावी, आणि माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दिवे आणि पाणी यांच्यामध्ये काच असलीच पाहिजे. टाकीच्या वरच्या काठाच्या आतल्या बाजूस बसतील अशा ४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या दोन पट्ट्या कापून घ्याव्यात, त्यांच्या कडा काचवाल्याकडून घासून घ्याव्यात आणि पुढच्या पट्टीचा एक कोपरा खाणे टाकण्यासाठी छाटून घ्यावा. पट्ट्या किंचित उतरत्या ठेवल्या, की काचेखाली साचलेले थेंब एका बाजूला ओघळून पुन्हा पाण्यात पडतात. अशी काच असली म्हणजे वरचे झाकण हे फक्त दिव्यांचे घर उरते. त्याला वाफ सोसावी लागत नाही, हवेच्या पंपाचे बुडबुडे फुटून उडणारे तुषार दिव्यांच्या पट्टीवर बसत नाहीत, आणि एखादे वेळी दिव्याची पट्टी गोंद सुटून खाली आली तरी ती काचेवर पडते, पाण्यात पडत नाही. काचेमुळे थोडा उजेड कमी होतो हे खरे, परंतु आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली तर ती घट फारशी जाणवत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, तेव्हा काचेवर पांढरी खर लवकर धरते. ती व्हिनेगरने निघते, मात्र काच टाकीवरून बाजूला काढून पुसावी आणि साध्या पाण्याने धुऊन मगच परत ठेवावी.

माप घेताना टाकी काटकोनात असेलच असे गृहीत धरू नये. गावात सिलिकॉनने जोडलेल्या टाक्यांची पुढची आणि मागची लांबी काही वेळा २-३ मिलिमीटरने वेगळी भरते, म्हणून बाहेरचे माप चारही बाजूंनी घ्यावे, कोपऱ्यांना गुण्या लावून पाहावा आणि सर्वांत मोठे माप खरे मानावे. झाकणाचे आतले माप त्याहून दोन्ही बाजूंनी ३-३ मिलिमीटर जास्त ठेवावे, कारण रंगाचे थर जागा खातात आणि पावसाळ्यात लाकूड थोडे तरी फुगतेच. टाकीवर आवळून बसलेले झाकण जुलैत उचलताना काच तडकण्याची भीती असते. झाकणाच्या आत, खालच्या काठापासून पाऊण इंच वर, चारही बाजूंनी एक पट्टी मारून तिच्या तळाला रबर चिकटवावे, म्हणजे झाकण टाकीच्या काठावर त्या पट्टीवर सारखे टेकेल आणि बाहेरून काठ झाकलाही जाईल. एकूण उंची ५ ते ६ इंच पुरते. वरची फळी दोन भागांत करावी: मागचा ५ इंचांचा भाग कायमचा आणि पुढचा १० इंचांचा उघडणारा. मागच्या उभ्या फळीत नळ्या आणि वायरींसाठी खालून २ इंचांची खाच ठेवावी, आणि वरच्या अंगाला १२ मिलिमीटरच्या भोकांची एक रांग पाडावी, म्हणजे दिव्यांची उष्णता कोंडून राहणार नाही.

बिजागरी, स्क्रू आणि रंग यांच्या बाबतीत काटकसर करू नये. लोखंडी खिळा समुद्राजवळ वर्षभरही धड राहत नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही ‘३०४’ प्रकारावर खाऱ्या हवेने तपकिरी डाग येतात, ‘३१६’ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असल्याने तो अधिक टिकतो. गावात मिळाला नाही तर बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानात विचारावे. पितळी बिजागरी गंजत नाही, परंतु पितळेत तांबे असते आणि तांबे पाण्यात उतरले तर गोगलगायी व कोळंबी मरतात, जास्त प्रमाणात माशांनाही अपाय होतो. म्हणून पितळ वापरायचेच झाले तर झाकणाच्या बाहेरच्या अंगाला वापरावे. आतून पांढऱ्या इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग उजेड परतवतो, शिवाय कुठे ओल शिरू लागली तर तिचा डाग लगेच नजरेस पडतो. रंगाचा वास पूर्णपणे जाईपर्यंत, निदान आठवडाभर, झाकण टाकीवर ठेवू नये.

आता आपल्या आराशीच्या पट्ट्यांविषयी. त्या पुढच्या गणपतीसाठी जपून ठेवाव्यात, असाच माझा सल्ला आहे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग एकत्र पेटवून त्यांतून मिळणारा पांढरा प्रकाश फिकट असतो, माशांचे खरे रंग त्यात उठून दिसत नाहीत, आणि घरातल्या मखरासाठी आणलेल्या पट्ट्यांवर बहुधा पाण्यापासून संरक्षणाचे आवरण नसते. टाकीसाठी १२ व्होल्टची, ६५०० केल्विन (म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या) पांढऱ्या प्रकाशाची, ‘आयपी ६५’ लिहिलेली पट्टी घ्यावी. ‘आयपी’ हे धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाचे माप आहे, आणि त्यातला दुसरा आकडा पाण्याविषयीचा असतो: ५ म्हणजे अंगावर आलेला फवारा सोसणारी, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी तग धरणारी, आणि ० म्हणजे संरक्षण अजिबात नाही.

आपल्या टाकीचे घनफळ सुमारे १५९ लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी १३५ लिटरच्या आसपास असेल. सावकाश वाढणाऱ्या पाणवनस्पतींना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (ल्युमेन हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड पुरतो, म्हणजे २००० ते २७०० ल्युमेन. मीटरला ९.६ वॅटची पट्टी घेतली आणि तिच्या ८५ सेंटिमीटरच्या तीन रांगा केल्या, तर एकूण अडीच मीटर पट्टी लागेल, वीज सुमारे २५ वॅट लागेल आणि उजेड साधारण याच हिशेबात बसेल. १२ व्होल्टला हा भार २ अँपिअरचा होतो, म्हणून अडॅप्टर ३ अँपिअरचा घ्यावा. अगदी नेमका २ अँपिअरचा घेतला तर तो सतत तापून लवकर जातो. पट्ट्या लाकडावर न चिकटवता अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद पट्टीवर चिकटवाव्यात, कारण एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघून जावी लागते. ही पट्टी झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खाचा करून त्यांत नुसती आडवी ठेवली, म्हणजे साफसफाईच्या वेळी एका हाताने उचलून बाजूला ठेवता येते, आणि पुढचे झाकण उघडताना वायरीला दर वेळी पीळ बसत नाही.

पट्टी कात्रीची खूण असेल तिथेच कापावी. कापल्यावर तिचे सिलिकॉनचे आवरण त्या टोकाला उघडे पडते आणि ‘आयपी ६५’ला काही अर्थ उरत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या टाकीवरची एक रांग चार महिन्यांत विझली, तेव्हा टोकाकडचे आवरण सोलून पाहिले. डाग दिलेल्या दोन्ही ठिकाणी तांब्यावर मोरचुदासारखी हिरवट भुकटी साचली होती आणि वायर बोट लावताच सुटून आली. टोक मी सिलिकॉनने बंद केले होते, पण ते काच जोडण्याचे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन होते. ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते आणि त्यानेच तांबे खाल्ले. टाकीच्या काचेला तेच योग्य, परंतु विजेच्या जोडाला ‘न्यूट्रल’ लिहिलेले, वास नसलेले सिलिकॉन लावावे. अडॅप्टर कधीही झाकणाच्या आत ठेवू नये आणि टाकीच्या खालीही ठेवू नये. तो बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. प्लगकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला आधी खाली झोळ द्यावा आणि मग ती वर प्लगपर्यंत न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जाते, प्लगपर्यंत चढत नाही.

प्रश्न : २ फूट बाय १ फूट बाय १ फूट टाकीवर मी घरीच चौकट करून ३० वॅटचा, अंगणात लावतात तसला एलईडी दिवा बसवला आहे. तो सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालू असतो. महिन्याभरात काचा हिरव्यागार झाल्या. दिव्याचा प्रकार चुकला का? (एक वाचक, गुहागर)

प्रकार फारसा चुकलेला नाही, प्रमाण चुकले आहे. आपल्या टाकीत जेमतेम ५० लिटर पाणी असेल आणि ३० वॅटचा दिवा सुमारे ३००० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे लिटरमागे ६० ल्युमेन. एवढा उजेड मुद्दाम खत आणि कार्बन डायऑक्साइड पुरवून वाढवलेल्या दाट वनस्पतींनाच पचतो. आपल्या टाकीत तो आणि माशांच्या विष्ठेतून आलेले नायट्रेट यांचा फायदा शेवाळाने घेतला आहे, त्यातही १४ तास.

१० वॅटचा दिवा लावावा, तो ६ ते ७ तासच चालू ठेवावा आणि त्यासाठी साधा प्लगचा टायमर घ्यावा, कारण रोज आठवणीने बंद करू असे ठरवून ते होत नाही. टाकी पश्चिमेच्या खिडकीत असेल तर ती हलवावी. समुद्राकडून येणारे दुपारचे तिरपे ऊन कुठल्याही दिव्यापेक्षा जास्त असते आणि झाकणाने ते अडत नाही, ते बाजूच्या काचेतून येते. काचा खरवडून एक तृतीयांश पाणी बदलावे. नंतर व्हॅलिसनेरिया किंवा जावा फर्न या पाणवनस्पती लावल्या तर त्या मंद उजेडात वाढतात आणि शेवाळाच्या तोंडचे अन्न पळवतात. दिवा कमी केल्यावर टाकी सुरुवातीला अंधारी वाटेल. माशांना तो अंधार वाटत नाही. आपल्या ओढ्यांतले लहान मासे झाडांच्या सावलीतच राहतात.

प्रश्न : झाकण बसवल्यापासून पाण्यात हात घातला की बोटांना किंचित झिणझिण्या येतात. मासे मात्र व्यवस्थित आहेत. दुर्लक्ष केले तर चालेल का? (एक वाचक, देवगड)

मुळीच चालणार नाही. हे वाचताक्षणी टाकीशी जोडलेले सर्व प्लग काढावेत आणि तोवर पाण्याला कोणीही हात लावू नये, विशेषतः लहान मुलांनी.

मासे व्यवस्थित आहेत यावरून काहीच सिद्ध होत नाही. तारेवर बसलेल्या पक्ष्याला जसा धक्का बसत नाही, तसाच पाण्यातल्या माशालाही बसत नाही, कारण त्याच्यातून प्रवाह जमिनीकडे जात नाही. आपण मात्र अनवाणी जमिनीवर उभे असता. झिणझिण्यांचे कारण अडॅप्टरमधून होणारी अतिशय क्षीण गळती असू शकते, पंपाचे फाटलेले आवरण असू शकते, किंवा झाकणात २३० व्होल्टचा दिवा बसवलेला असेल तर त्याच्या जोडात गेलेली ओल असू शकते. यांतले नेमके कोणते, हे बोटाने तपासायचे नसते. वायरमनला बोलावून प्रत्येक उपकरण एकेक करून जोडून मीटरने तपासून घ्यावे. घरी केलेल्या झाकणात २३० व्होल्टची बॅटन किंवा ट्यूब बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टच्या पट्ट्या आता सहज मिळत असताना तो धोका पत्करण्याचे काही कारण उरलेले नाही.

त्याच भेटीत घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारावे आणि नसल्यास बसवून घ्यावा. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे नेहमीचा आपोआप पडणारा स्विच, भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तरच पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा पण जीवघेणा प्रवाह त्याला कळतसुद्धा नाही, आरसीसीबीला कळतो. जुन्या घरांत पुष्कळदा तीन पिनांचे सॉकेट असते, पण मागे आर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, तेही पाहून घ्यावे. आणि आर्थिंग असले तरी जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो, म्हणून त्या दिवसांत आर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत राहावे.

प्रश्न : वर काच आणि त्यावर झाकण, अशाने मासे गुदमरणार नाहीत का? माझ्याकडे गुरामी आहेत. (एक वाचक, दापोली)

मागची २ इंचांची खाच मोकळी असेल तर गुदमरणार नाहीत. गुरामी आणि फायटर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवाही घेतात. त्यांच्यासाठी पाणी आणि काच यांच्यात २ ते ३ सेंटिमीटर जागा सोडावी. झाकणामुळे ही हवा उबदार आणि दमट राहते, ते दापोलीच्या थंडीच्या रात्री त्यांना हिताचेच आहे. जपायचे ते उन्हाळ्यात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी वरचे झाकण उघडे ठेवावे, खालची काच तेवढी राहू द्यावी. वीज बराच वेळ गेली तर काचही बाजूला सरकवावी आणि तांब्याने पाणी वर काढून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत राहावे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवलेला असावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

प्रश्न : पावसाच्या सुरुवातीला दिव्यावर येणाऱ्या पंखांच्या वाळव्या शेकड्यांनी टाकीत पडतात. नीट झाकण दिवाळीनंतर करणार आहे. तोपर्यंत मच्छरदाणी बांधली तर चालेल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

साधी नायलॉनची जाळी चालेल. खिडकीच्या जुन्या सरकत्या जाळीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट मापात कापून घेतली तर उत्तमच. ती जड असते, वाऱ्याने उडत नाही आणि पालही आत शिरत नाही. मोजक्या वाळव्या माशांनी खाल्ल्या तर बिघडत नाही, मात्र गळलेले पंख फिल्टरच्या स्पंजमध्ये अडकून पाण्याचा प्रवाह मंदावतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. संध्याकाळी वाळव्या उठल्या की अर्धा-पाऊण तास टाकीचा दिवा बंद करून पडवीतला लावला, तर बहुतेक सगळ्या तिकडे वळतात.

परंतु मच्छरदाणी औषध लावलेली असेल तर ती टाकीच्या जवळपासही आणू नये. अशा मच्छरदाण्यांना लावलेली पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांसाठी अत्यंत विषारी असतात आणि वाफेच्या थेंबांबरोबर ती पाण्यात उतरतात. डासांच्या वड्या, भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायच्या बाटल्या आणि झुरळांचे फवारे यांतही बहुधा त्याच गटातली औषधे असतात. जाळीने यांतले काहीही अडत नाही, आणि टाकीत हवेचा पंप चालू असेल तर तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. त्यामुळे फवारा मारणे अगदी टाळता येत नसेल तर आधी पंप बंद करावा, टाकीवर प्लास्टिकचा कागद अंथरून वर ओला टॉवेल टाकावा, आणि खिडक्या उघडून खोलीतला वास पूर्ण गेल्यावरच कागद काढून पंप पुन्हा सुरू करावा.